विहिरीवरच्या चाफ्याची गुटी

आमच्या चौलच्या मातीला नाही म्हणणं ठाऊक नाही. कुंपणाला पांगाऱ्याचा खुंट ठोकावा तर पावसाळ्यात त्याला पालवी फुटते, जास्वंदीची फांदी मोडून कुठेही खोचावी तर ती आपली वाढायला लागते. त्यामुळे झाड लावणं म्हणजे काय मोठंसं, अशी माझी लग्नापर्यंत पक्की समजूत होती. मी शाळामास्तर, घरची नारळ-पोफळीची लहानशी वाडी, आणि स्वभाव असा की कुठलंही काम आज सांगितलं तर ते काल झालेलं बरं. माझ्या या समजुतीची वाट लावली ती सोनचाफ्याने आणि माझ्या बायकोने.

स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनेक वर्षांनी आमचं लग्न झालं. ती श्रीवर्धनची, सुपारीच्या वाडीत वाढलेली. तिच्या माहेरी विहिरीच्या काठावर एक सोनचाफा होता. तिच्या आईने लावलेला. आई गेली तेव्हा ही इतकी लहान होती की तिला आईचा चेहरा आठवत नव्हता. फोटो कुठून असणार? आठवायचं ते एवढंच, की विहिरीवर कुणीतरी तिला कडेवर घेऊन उभं आहे आणि चाफ्याचा वास येतो आहे. हे तिने मला लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही भाजी चिरता चिरता, मान वर न करता.

त्या झाडाची फुलं खरंच वेगळी होती. सोनचाफा आमच्याकडेही देवळापाशी आहे, पण त्याचा रंग फिका आणि वास अंगावर येणारा. श्रीवर्धनच्या फुलांचा रंग पिकल्या हापूसच्या गरासारखा, आणि वास मंद, पण घरभर राहणारा. तिचा भाऊ चौलला आला की पाण्याने भरलेल्या बाटलीत ती फुलं घालून आणायचा. बाटलीत ती महिनोन् महिने टिकत. ती बाटली आमच्या फडताळात असे, आणि माझी बायको तिला रोज एकदा उजेडात धरून बघे.

मी म्हटलं, एवढं काय, फांदी आणू आणि लावू. आणली. शेणमातीत खोचली, सावली केली, पाणी घातलं. महिनाभर ती हिरवीगार राहिली. मी सगळ्यांना दाखवत सुटलो. मग एका आठवड्यात ती खालून काळी पडली, आणि उपटून बघितली तर तिला मुळाचा एक केसही नव्हता. पुढच्या वर्षी दुसरी आणली, तिचं तेच. चाफ्याची फांदी अशीच फसवते, तिच्या पोटात साठवलेलं असतं तेवढ्यावर ती जगते आणि मातीकडून काही घेतच नाही. बायको हसायची. "पी हळद नि हो गोरी, असं नसतं चाफ्याचं," म्हणायची.

बी लावावं तर तेही तिला नको होतं. बियांची रोपं त्या झाडाखाली पक्ष्यांच्या कृपेने उगवतही असत. पण बीच्या रोपाला फूल यायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि ते आईसारखं निघेल याची खात्री नाही. रंग फिका निघाला, वास दुसराच निघाला, तर कुणाला विचारणार? "मला त्या झाडाचं पोर नको," ती एकदा म्हणाली, "मला तेच झाड हवं." तिला काय हवं होतं ते मला कळलं होतं.

तरी घाई नव्हती. झाड श्रीवर्धनला उभं होतं, आम्ही सुट्टीत जातच होतो. घाई झाली ती त्या वर्षी, जेव्हा मेव्हण्याने सांगितलं की चाफा तोडावा लागणार.

त्यात त्याचा दोष नव्हता. चाफ्याची मुळं विहिरीच्या चिऱ्यांत शिरली होती आणि एका बाजूचे चिरे आत फुगले होते. विहीर ढासळली असती तर सगळी वाडी गेली असती. पोफळीला उन्हाळ्यात पाणी चुकलं की ती माफ करत नाही. मेव्हणा गरीब स्वभावाचा माणूस. "यंदाचा पावसाळा जाऊ दे," तो म्हणाला, "फार तर पुढचा. मग नाइलाज आहे."

त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, तिथेच उभी होती. ती आतल्या भागातली, भातशेती करणाऱ्या घरातली. या घरात ती आली तेव्हा सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या लेखी चाफा म्हणजे पडलेल्या पानांचा ढीग आणि सुरवंट. विहिरीवर भांडी घासायची ती, अंगण झाडायची ती. "कचरा तेवढा कमी व्हईल," ती म्हणाली. वाईट मनाने नव्हे, खरं तेच म्हणाली. पण माझ्या बायकोच्या मनात ते काट्यासारखं बसलं. नणंद-भावजयीचं तसंही बेताचंच होतं. त्या दिवसापासून ते तोंडदेखलं झालं.

फांदी लागत नाही, बी नको, तर मग उरली गुटी. फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडायची आणि मग कापायची. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही गेलो, तेव्हा बायकोने पदर खोचला आणि शिडीवर चढली. बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या निवडल्या, प्रत्येकीची साल बांगडीसारखी गोल सोलून काढली, आतला बुळबुळीतपणा पुसून काढला. दोन दिवस तसंच सुकू दिलं. मग वारुळाची माती, शेण आणि नारळाच्या सोडणाचा भुसा कालवून त्याचा गोळा त्या जागी बसवला. वरून पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुंध्याची ती रुंद चिवट साल, गुंडाळली आणि केळीच्या सोपटाने दोन्हीकडून आवळली. वर मडकी टांगून, त्यांना भोक पाडून चिंधीची वात सोडली, म्हणजे पाऊस लागेपर्यंत थेंब थेंब पाणी मिळेल. मी खाली शिडी धरून उभा होतो आणि सूचना करत होतो. एकही ऐकली गेली नाही. हे तिला कुणी शिकवलं होतं म्हणाल तर थोडं इकडे बघून, थोडं तिकडे विचारून, आणि उरलेलं हट्टाने. तिच्या हाताची ती सफाई बघून मला वाटलं, या बाईशी लग्न झालं हे आपलं नशीबच. तसं मी बोललोही. "शिडी नीट धरा," ती म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर झाडावर एकही गुटी नव्हती. नुसत्या सोललेल्या, वाळक्या फांद्या लोंबत होत्या.

झालं असं होतं. आम्ही निघालो त्याच दिवशी मेव्हण्याला बहिणीची दया आली. आमच्या किनाऱ्यावर माडाला, आंब्याला, कशालाही जोर यायचा तर बुंध्यात सुकी मासळी कुटून घालतात. सरकारी खत कितीही येवो, मासळीपुढे ते पाणी, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मेव्हण्याने विचार केला, माडाला चालतं ते चाफ्याला का नाही? त्याने शिडी लावून प्रत्येक गुटी सोडली, आत मूठभर कुटलेली मासळी भरली आणि पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले झाडून सगळे कावळे चाफ्यावर जमले. त्यांनी वरून टोचलं, मांजरांनी खालून ओढलं, आणि उरलंसुरलं मुंग्यांनी नेलं. "मी नुसती बघत होते," वहिनी सांगायला लागली, "एक बोका फांदीला लटाकला हुता, सोडंना! आनी हे खालून काठी घेऊन नाचत्यात!" तिला हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. मेव्हणा मान खाली घालून बसला होता.

माझी बायको हसली नाही. ती विहिरीवर जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने वहिनीचं हसू ओसरलं आणि ती तिच्यामागून गेली. दोघी तिथे काय बोलल्या ते मला माहीत नाही. पण परत आल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, पुढल्या टायमाला मला दाखवा कसं करायचं ते. यांच्या हातात न्हाय द्यायचं."

पुढचा उन्हाळा शेवटचा होता. विहिरीचे चिरे आणखी फुगले होते. या वेळी शिडीवर दोघी आळीपाळीने चढल्या. भातलावणीत वाढलेल्या वहिनीच्या बोटांना चिखलाचं आणि आवळून बांधायचं वळण होतंच. तिने बांधलेल्या गुट्या बायकोच्या गुट्यांपेक्षा घट्ट बसल्या, हे बायकोने स्वतः कबूल केलं. तिच्या तोंडून दुसऱ्याची तारीफ ऐकणं म्हणजे काय, हे मी सांगू शकतो.

आम्ही चौलला परतलो, पाऊस लागला. तो पावसाळा माझ्या बायकोने आकाशाकडे बघत काढला. इकडे उघडीप पडली की तिच्या मनात यायचं, तिकडेही पडली असेल, गुट्या वाळल्या असतील. मी म्हणायचो, वहिनी आहे ना. मागाहून मेव्हण्याकडून कळलं की श्रावणातल्या उन्हात वहिनी रोज शिडी चढून वाटीने पाणी घालत होती. भाद्रपदात विहिरीचे दोन चिरे पाण्यात पडले, तेव्हा तो घाबरून झाडतोड्यांना बोलावून घेऊन आला. वहिनी झाडाखाली भांडी घासत बसली होती. ती उठलीच नाही. "गुटी सुटेस्तवर झाडाला हात लावायचा न्हाय," म्हणाली, "लावायचा तर मला हितनं उचला पयली." तोडे चहा पिऊन परत गेले.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो. दोघींनी मिळून गुट्या खाली उतरवल्या आणि ओसरीवर एकेक सोडली. पहिलीत नुसती माती. दुसरीत माती. बायकोचा चेहरा उतरत चालला. वहिनी एकेक विरी अशी हलक्या हाताने उलगडत होती, जशी बाळाची दुपटी. शेवटी राहिलेल्या दोन गुट्यांत मात्र मुळं होती. पांढरीशुभ्र, शेवयांसारखी, मातीच्या गोळ्यातून बाहेर डोकावणारी. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ सुंदर गोष्टी पाहिल्या, पण त्या मुळांइतकी सुंदर गोष्ट मोजकीच असेल. मेव्हणा तर रडायलाच लागला.

वहिनीने दोन्ही रोपं बायकोपुढे ठेवली. बायकोने त्यांतलं एक उचलून वहिनीच्या हातात दिलं. "हे तुमचं," ती म्हणाली. "तुम्ही जीव लावलात."

त्या घरात सगळं आधीपासूनचं होतं, झाडं सासऱ्याची, भांडी सासूची. तिचं म्हणून तिथे काही लागलेलं नव्हतं. तिने वाडीच्या लांबच्या कोपऱ्यात, विहिरीला धक्का पोहोचणार नाही अशी जागा स्वतः बघितली आणि तिथे ते रोप लावलं.

निघताना तिने बायकोची ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, आणि त्यांवर दुसरं रोप, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. ते मांडीवर घेऊन आम्ही दिघीला आलो आणि आगरदांड्याच्या होडीत बसलो. खाडीत वारा समोरून होता. लाटांचं पाणी होडीवर उडत होतं. बायकोने रोप पदराखाली घेतलं आणि पाठ वाऱ्याकडे केली. पलीकडे उतरलो तेव्हा ती नखशिखान्त भिजली होती आणि रोपावर शिंतोडाही नव्हता. पुढे मुरूडवरून रेवदंड्याची खाडी, तिथेही तेच.

मोरीच्या बाजूला आळं करून आम्ही ते लावलं, भोवती काट्या रोवल्या. चार-पाच दिवस ते ताठ उभं होतं. मग पानं एकेक करून गळायला लागली. गुटीचं झाड आईपासून तुटलं की कधी कधी असं करतं, धीर सोडतं. आम्ही सावली केली, पाणी कमी केलं, पाणी वाढवलं. खारं पाणी कुठून लागलं होतं का, की आमची माती त्याला मानवली नाही, ते अजूनही मला सांगता येणार नाही. दिवाळीच्या आत ती काडी काळी पडली.

भाऊबीजेला मेव्हणा आला. हातात बाटली, बाटलीत फुलं. "शेवटची," तो म्हणाला. चाफा आठवड्यापूर्वी तोडला होता. मग त्याचं लक्ष मोरीकडे गेलं, काट्यांच्या आत उभ्या असलेल्या त्या काळ्या काडीकडे. बायकोने पाट मांडला, त्याला ओवाळलं. "विहीर वाचली ना?" तिने विचारलं. "वाचली," तो म्हणाला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि जेवायला वाढलं.

तो गेल्यावर मी म्हटलं, अगं, वहिनीचं रोप आहे ना. तेच झाड आहे. तिला नुसतं कळवलं तरी—

ती माझ्यावर अशी उखडली की मी दोन पावलं मागे सरलो. "दिलेलं परत मागू? त्या वाडीत एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदा काही आपलं म्हणून लावलं. ते उपटून आणू? आईचं झाड गेलं ते गेलं. तिचं तरी राहू दे." मग ती रडली. लग्नानंतर मी तिला एवढं रडताना पहिल्यांदाच पाहिलं. मी तिच्याजवळ बसून राहिलो, दुसरं काय करणार? पण मनात म्हणत होतो, एवढा मोठेपणा कुठून आणते ही बाई? मी असतो तर दुसऱ्याच दिवशी होडीत बसलो असतो.

माघाच्या सुमारास, हळदीकुंकवाचे दिवस चालले होते तेव्हा, दुपारी आमच्या फाटकापाशी बैलगाडी थांबली. गाडीत वहिनी. एकटी. ही बाई डोंगरकुशीतली, पाण्याला भिणारी. श्रीवर्धनला इतकी वर्षं राहून समुद्रात तिने कधी पाऊल बुडवलं नव्हतं. दोन खाड्या ओलांडून ती आली होती आणि ओकून ओकून तिचा चेहरा पिवळा पडला होता. मांडीवर तेलाचा जुना डबा, डब्यात माती, मातीत तिचा चाफा, आणि वर धरलेली मेव्हण्याची काळी छत्री.

"वन्सं, आधी डबा घ्या," ती म्हणाली, "मंग मला उतरवा."

बायको जागची हलेना. मीच डबा घेतला. रोपाला दोन नवी पानं फुटली होती.

"हे तुमचं होतं, वहिनी," बायको म्हणाली. आवाज रागाचा होता. "परत न्या ते."

"माझंच हाय," वहिनी म्हणाली. "म्हनून तर कुठं लावायचं त्ये मी ठरवनार."

"नको म्हणते ना मी!"

वहिनी गाडीतून उतरली, ओटीवर बसली, पाणी प्यायली. मग पदराने तोंड पुसून शांतपणे म्हणाली, "वन्सं, माझी आय जिती हाय. मी म्हायेराला गेले की मला भेटती. तुमी कुठं जानार?"

माझ्या बायकोने वहिनीचे पाय धरले. वयाने वहिनी तिच्याहून फार मोठीही नव्हती. वहिनी घाबरून उठली, "अवो, ह्ये काय, ह्ये काय," म्हणत तिला ओढायला लागली, आणि दोघी ओटीवर तशाच बसल्या. मी डबा घेऊन मोरीकडे गेलो.

ते रोप लागलं. कसं लागलं ते विचारू नका, पहिलं का मेलं ते कळलं नाही तसं हे का जगलं तेही कळलं नाही. आम्ही वेगळं काही केलं नव्हतं. वहिनी दोन दिवस राहिली, जाताना बायकोने तिची ओटी भरली, आणि पुन्हा काळ्या छत्रीसकट ती होडीत बसली.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात झाडाला पहिली कळी आली. पहाटे ती उमलली तेव्हा तोच हापूसचा रंग, तोच वास. मी म्हटलं, देवाला वाह. मी म्हटलं, बाटलीत ठेव. तिने ते फूल खुडलं, पळसाच्या पानात गुंडाळलं, आणि शाळेला रजा टाका म्हणाली. पावसाळ्याचे दिवस, खाडी उधाणलेली, होडीवाला नाही नाही म्हणत होता. संध्याकाळी आम्ही श्रीवर्धनला पोहोचलो तेव्हा फूल पार तपकिरी पडलं होतं. सोनचाफा खुडल्यावर एवढा वेळ कुठे टिकतो? बायकोने ते तसंच वहिनीच्या हातावर ठेवलं आणि ओशाळून उभी राहिली.

वहिनीने ते नाकाशी धरलं, मग अंबाड्यात खोचलं.

"वास हाय की अजून," ती म्हणाली.